स्लॅब आधी, सजावट मग : साठच्या दशकातील घर नव्याने सजवताना

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका दुपारी परभणीतील आमच्या घराच्या दिवाणखान्यात छताचा वीतभर लांबीचा ढलपा झोपाळ्याशेजारी कोसळला. झोपाळ्यावर त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. वर पाहिले तेव्हा स्लॅबमधली सळई उघडी पडलेली होती आणि तिच्यावर तांबड्या गंजाचे पापुद्रे सुटलेले होते. वडिलांनी हे घर १९६७ साली बांधले. त्याच आठवड्यात आम्ही घराचे काम काढायचे ठरवले आणि सल्ला घेण्यासाठी चार-पाच जणांना बोलावले. आलेल्या बहुतेकांनी छताकडे एकदा पाहून लगेच फरशीकडे बोट दाखवले. मोझॅक उखडून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, दारे बदला, खिडक्यांना सरकत्या काचा लावा आणि वर पीओपीचे फॉल्स सीलिंग करा, म्हणजे छताचा प्रश्न दिसणारच नाही, असा त्या सल्ल्याचा एकूण सूर होता.

त्या घरात आम्ही आजही राहतो, त्याचे छत आता धड आहे आणि मोझॅक जागच्या जागी आहे. त्या कामात जे शिकायला मिळाले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण नांदेड, लातूर, जालना, बीड, धाराशिव, हिंगोली, छत्रपती संभाजीनगर अशा प्रत्येक शहरात त्या पिढीने बांधलेली घरे अजून उभी आहेत आणि त्यांच्या मालकांना आज नेमका हाच सल्ला मिळत आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. अशा घरात जे डोळ्यांना दिसते ते बहुतेक वेळा उत्तम असते आणि जे दिसत नाही ते थकलेले असते. तरीही आपण दिसणारे फेकून देतो आणि न दिसणारे तसेच झाकून ठेवतो.

ही शैली आली कोठून

सपाट स्लॅब, भिंतीच्या बाहेर झेपावणारा आडवा छज्जा, जिन्याच्या किंवा व्हरांड्याच्या बाजूला सिमेंटची जाळी, मोझॅकची जमीन, सागवानी दारे आणि तिरप्या पायांच्या वेताच्या खुर्च्या ही त्या घरांची ओळख आहे. जगभर या शैलीला ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची साधारण पंचवीस वर्षे हा तिचा भराचा काळ होता, मात्र हे नाव रूढ झाले ते १९८० च्या दशकात. युद्धानंतर अमेरिकेत लाखो कुटुंबांना घरे हवी होती आणि पोलाद, प्लायवूड, मोठ्या काचा असे कारखान्यात तयार होणारे साहित्य हाताशी होते. कॅलिफोर्नियातील एका नियतकालिकाने १९४५ साली नमुना घरांचा उपक्रम सुरू केला आणि त्यातील आठव्या क्रमांकाचे घर चार्ल्स आणि रे ईम्स या डिझाइनर दांपत्याने १९४९ मध्ये स्वतःसाठी बांधले. नक्षीकाम टाळावे, साहित्य आहे तसे दिसू द्यावे, आतली जागा आणि बाहेरचे अंगण एकमेकांशी जोडावे, आणि घर साधे पण प्रकाशाने भरलेले असावे, ही त्यामागची धारणा होती.

हेच ईम्स दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांनी १९५८ मध्ये जो अहवाल दिला त्यात आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले आणि त्याच अहवालाच्या आधारावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९५१ पासून चंदीगड शहराच्या आखणीचे काम स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे होते. त्यांचे चुलतभाऊ पिएर जनरे यांनी तेथील कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेत यांच्या ज्या खुर्च्या करून घेतल्या, त्या आज परदेशात लिलावात विकल्या जातात. कोकणातले वास्तुकार अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये जर्मन वास्तुकार वॉल्टर ग्रोपिअस यांच्या हाताखाली शिकून परतले आणि आधुनिक भारतीय वास्तुकलेच्या पहिल्या फळीत गणले गेले. १९५९ मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या वकिलातीची इमारत खुली झाली. अमेरिकी वास्तुकाराने तिला चारही बाजूंनी जाळीचे आवरण दिले होते, म्हणजे आपल्याकडची जुनी जाळी आधुनिक शैलीचा भाग होऊन आपल्याकडे परत आली होती.

मराठवाड्यात हे वारे थोडे उशिरा पोहोचले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६५ मध्ये जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. महाविद्यालये, कचेऱ्या, पाटबंधाऱ्याची कामे यांच्यासोबत पगारदार कुटुंबे शहरांत आली. ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात किंवा वाड्यात गेले होते, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्लॅबचे घर बांधले. कोणी वास्तुविशारद नेमला नव्हता. सरकारी खात्यातील एखादा ओव्हरसियर नकाशा काढून देई आणि गवंडी त्यात स्वतःची भर घाली. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते आणि ते परमिटवर मिळे. १९८२ मध्ये हे नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. ही गोष्ट केवळ इतिहास म्हणून सांगत नाही. सिमेंट दुर्मीळ असल्यामुळे त्या काळच्या अनेक घरांत ते स्लॅबसाठी राखून ठेवले गेले आणि भिंती चुन्यात किंवा मातीत बांधल्या गेल्या. आज त्या घरात हातोडा उचलण्याआधी हे लक्षात घ्यावे लागते.

भिंत पाडण्यापूर्वी

आमच्याकडे आलेल्या गवंड्याने दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीवर थाप मारून सांगितले, “काका, ही मधली भिंत काढून टाकू, हॉल कसा मोकळा होतोय बघा.” मोकळा हॉल ही या शैलीची खूणच असल्याने सूचना योग्य वाटण्याजोगी होती. प्रत्यक्षात ती धोकादायक होती. कॅलिफोर्नियातल्या त्या घरांचे छत खांब आणि तुळया यांच्यावर टेकलेले असते, त्यामुळे मधली भिंत नुसत्या पडद्यासारखी असते आणि ती ठेवली काय, काढली काय, छताला फरक पडत नाही. आपल्याकडच्या १९६० च्या दशकातील बहुतेक घरांत खांब नाहीतच. नऊ इंची, चौदा इंची विटांच्या किंवा त्याहून जाड दगडी भिंतीच स्लॅब पेलून असतात. दिसायला दोन्ही घरे एकाच कुळातली असली तरी त्यांची हाडे वेगळी आहेत.

साडेचार इंची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते आणि नऊ इंचांची किंवा त्याहून जाड भिंत भार घेत असण्याची शक्यता मोठी असते. मात्र हा केवळ पहिला अंदाज झाला. निर्णय संरचना अभियंत्याने घ्यावा आणि तो कागदावर द्यावा. भिंतीत मोठी वाट काढणे अगदीच आवश्यक असेल, तर आधी स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन, भिंत टप्प्याटप्प्याने कोरून, वर पोलादी किंवा काँक्रीटची तुळई बसवावी लागते. आम्ही भिंत ठेवली आणि तिच्यातील मूळ दाराची झडपे तेवढी काढून घेतली. तेवढ्यानेही उजेड पलीकडे पोहोचला.

या भागात भूकंपाचा विचार टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे घडले, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि त्यातील बहुसंख्य माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड छते अंगावर कोसळून दगावली. त्यानंतर ‘स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर’ अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली. ती अर्धीच खरी आहे. दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा बांधणारा काँक्रीटचा पट्टा असेल, तर हादऱ्यात भिंती एकमेकींना धरून राहतात. आमच्यासारख्या अनेक घरांत तो नाही. अशा घरात कोपऱ्यालगत नवे दार किंवा मोठी खिडकी फोडणे म्हणजे भिंतींचा सांधा सोडवणे होय.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे बसते. त्यातून खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या जाणाऱ्या भेगा पडतात. भेग बुजवून रंग देण्यापूर्वी तिच्यावर काचेची छोटी पट्टी दोन्ही कडांना सिमेंटने चिकटवावी, शेजारी तारीख लिहावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. काच अखंड राहिली तर भेग जुनी आणि स्थिर आहे. काच तडकली तर घर अजून हलते आहे, आणि तेव्हा खर्च रंगावर न करता पायाच्या भोवती पाणी मुरू न देण्यावर, म्हणजे जोत्याभोवती उताराची पक्की पट्टी करण्यावर आणि पन्हाळीचे पाणी दूर नेण्यावर करावा.

छताच्या आत काय घडते

ढलपा का पडला, हे आम्ही तपासणीसाठी बोलावलेल्या संरचना अभियंत्या बाईंनी आम्हाला समोर दाखवले. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अल्कधर्मी गुण भरपूर असतो आणि त्यामुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तो थर आहे तोवर सळई गंजत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षे आत शिरत राहतो आणि हा अल्कधर्मी गुण पृष्ठभागापासून आतल्या दिशेने मारत जातो. ही सीमा सळईपर्यंत पोहोचली की संरक्षक थर नाहीसा होतो. मग गच्चीवरून झिरपणारे थोडेसे पाणीही गंजाला पुरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. त्याला फुगायला जागा नसते, म्हणून तो खालचे काँक्रीट ढकलून फोडतो. ढलपा पडणे ही त्या गोष्टीची अखेर असते, सुरुवात पंधरा-वीस वर्षे आधी झालेली असते.

त्यांनी उघड्या पडलेल्या काँक्रीटच्या ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलीनचे द्रावण फवारले. जेथे अल्कधर्मी गुण शिल्लक होता तेथे काँक्रीट क्षणात गुलाबी झाले आणि जेथे तो गेला होता तेथे ते राखाडीच राहिले. राखाडी पट्टा सळईच्या वरपर्यंत गेलेला होता. नंतर त्यांनी लाकडी मुठीच्या लहान हातोड्याने सगळ्या खोल्यांचे छत ठोकून पाहिले. धड भागातून टणक आवाज येत होता, सुटलेल्या भागातून पोकळ, आणि पोकळ भागांवर त्या खडूने वर्तुळे काढत गेल्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या छतावर सर्वाधिक वर्तुळे होती, कारण वाफ आणि ओल तेथे कायमची.

यावर केवळ गिलावा करणे निरर्थक आहे, कारण गंज आतून वाढतच राहतो आणि नवा गिलावा दोन-तीन वर्षांत जुन्यासकट खाली येतो. योग्य पद्धतीत आधी स्लॅबला टेकू देतात, सुटलेले काँक्रीट सळईच्या मागपर्यंत काढतात, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासतात, तिला गंजरोधक लेप देतात आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने किंवा मायक्रो काँक्रीटने भाग भरून काढतात. सळई फार झिजलेली असेल तर शेजारी नवी सळई जोडावी लागते आणि तिचे माप हिशेबाने ठरवावे लागते. हे सारे झाल्यावर, आणि गच्चीची गळती थांबल्यावरच, छताला रंग द्यावा.

फॉल्स सीलिंगबद्दल माझे मत यातूनच तयार झाले आहे. या घरांतील खोल्यांची उंची दहा-अकरा फूट असते आणि वरच्या बाजूला लहान झरोके असतात, त्यांतून गरम हवा निघून जाते. फॉल्स सीलिंग झरोके बुजवते, उंची खाते आणि सर्वांत वाईट म्हणजे ढलपे सुटत असलेले छत आपल्या नजरेआड करते.

गच्ची, ऊन आणि ओझे

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. काँक्रीट दिवसभर ऊन साठवते आणि काही तासांनी ते खाली सोडू लागते. म्हणून रात्री नऊ वाजताही पंख्याची हवा भट्टीसारखी लागते. उपाय स्लॅबच्या वर करावा लागतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा पांढरा परावर्तक लेप ऊन आत शिरण्यापूर्वीच परतवतो. साधा चुना फेव्हिकॉल मिसळून गुढीपाडव्याच्या सुमारास दरवर्षी मारला तरी फरक जाणवतो, मात्र वर धूळ साचली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून गच्ची झाडून-धुऊन स्वच्छ ठेवावी लागते.

गळती थांबवण्यासाठी जुन्या कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या पाणी अडवणाऱ्या थरावर, नवा कोबा घालण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. हिशेब सोपा आहे. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजनाचा होतो. बारा बाय चौदा फुटांच्या खोलीवर तो घातला, तर स्लॅबवर तीन टनांच्या घरात नवे ओझे येते. आमच्या गच्चीवर असे दोन थर निघाले. ते काढून, नव्याने उतार देऊन एकच थर केला. पाण्याच्या टाक्यांचेही तसेच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस आपण विसरलेलो नाही, म्हणून जो तो गच्चीवर टाक्या वाढवत असतो. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी खोलीच्या मधोमध स्लॅबवर ठेवू नये. दोन भारवाही भिंतींवर टेकलेल्या तुळयांवर ठेवावी आणि मोठा साठा शक्यतो जमिनीखालील हौदात करावा.

छज्जा आणि जाळी ही या घरांची सजावट वाटते, पण ती उन्हाच्या अभ्यासातून आलेली आहे. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यात दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, तर डिसेंबरअखेर तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरचा दीड-दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात काच सावलीत ठेवतो आणि थंडीत ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला त्याचा उपयोग नाही, कारण संध्याकाळचे ऊन आडवे येते. तेथे उभी जाळी, बांबूचा पडदा किंवा झाड हवे. डासांसाठी किंवा धुळीसाठी जाळ्या बुजवणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्याऐवजी आतल्या बाजूने बारीक तारेच्या जाळीची उघडझाप करता येणारी चौकट बसवावी. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने येथे साधा कूलर उत्तम चालतो, मात्र आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते आणि ती वाट म्हणजे हेच झरोके आणि याच जाळ्या.

वीज आणि नळ

येथे थोडक्यात सांगतो, कारण यात मतभेदाला जागा नाही. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा, अर्थिंग नसलेले दोन पिनांचे प्लग आणि तारेचे फ्यूज असतील, तर सगळे वायरिंग बदलावे. तांब्याच्या तारा, एसी आणि गिझर यांना स्वतंत्र जाड तारा, नवे अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे आरसीसीबी ही किमान गरज आहे. भारवाही भिंतीत तारांसाठी आडव्या खोल खाचा पाडू नयेत, उभ्या आणि उथळ पाडाव्यात. जुने जस्ती नळ आपल्या बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आतून भरून येतात. आमच्या घरातील पाऊण इंची नळ कापला तेव्हा आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती.

मोझॅक

आता ज्या गोष्टीवर माझा सर्वाधिक जीव आहे तिच्याकडे येतो. मोझॅकची फरशी म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे खडे बसवून, दाबून, घासून केलेली लादी. खडे तिच्या वरच्या थरात बऱ्याच खोलीपर्यंत असतात, त्यामुळे वरची झिजलेली कातडी घासून काढली की खालून तीच नक्षी पुन्हा नवी होऊन वर येते. व्हिट्रिफाइड टाइलला हे भाग्य नाही. तिच्यावर ओरखडा उठला तर तो कायमचा. आमच्या दिवाणखान्यातली फरशी मळकट पिवळी झाली होती. पण लाकडी कपाट बाजूला सरकवले तेव्हा त्याच्याखाली फिकट हिरव्या सिमेंटात पांढरे, काळे आणि विटकरी खडे असलेला मूळ रंग दिसला. पन्नास वर्षे तेथे कोणाचा पाय पडला नव्हता.

घासाई करणारा कारागीर यंत्राला आधी भरड आणि मग क्रमाने बारीक दगड लावतो आणि सतत पाणी वाहते ठेवतो. भरड घासाईनंतर छिद्रे उघडी पडतात, ती पांढरे सिमेंट आणि जुळता ऑक्साइड रंग यांच्या लगद्याने भरून, सुकू देऊन, पुन्हा घासतात. हा रंग जुळवण्यातच खरे कसब आहे. आमच्या कारागिराने एका जुन्या बशीत सात-आठ ठिपके लावले, ते रात्रभर सुकू दिले आणि सकाळी खिडकीच्या उजेडात फरशीशेजारी धरून त्यातील एक निवडला, कारण ओला असताना रंग गडद दिसतो. घासाईचा चिखल भिंतीवर फूटभर उडतो, म्हणून भिंतीला रंगाचा शेवटचा हात या कामानंतर द्यावा. फुटलेल्या फरश्या बदलण्यासाठी बाजारात जुळणारा नमुना बहुधा मिळत नाही. मोठ्या कपाटाखालच्या किंवा ओट्याखालच्या फरश्या अलगद काढून त्या दर्शनी जागी बसवाव्यात आणि त्यांच्या जागी साधी फरशी टाकावी.

अशा फरशीवर ॲसिड, संडास धुण्याचे द्रव किंवा व्हिनेगर कधीही टाकू नये. संगमरवर आणि सिमेंट ही दोन्ही आम्लात विरघळतात आणि चमक एका दुपारीत जाते. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरे. व्हरांड्यातील शहाबादी फरशीलाही हाच नियम लागू आहे, कारण तोही चुनखडीचाच दगड आहे.

लाकूड, भिंती आणि रंग

सागवानी दारांवर ऑइल पेंटचे पाच-सहा थर चढलेले असतात आणि ते खरवडून मूळ लाकूड बाहेर काढावेसे वाटते. तसे जरूर करावे, मात्र एक धोका ओळखून. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षास ९० भाग एवढी मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून कोरडा पॉलिशपेपर किंवा यंत्र चालवू नये. पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि काम संपेपर्यंत मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दुसरीकडे ठेवावे. मागच्या पडवीवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नयेत. बदलायचेच असतील तर ओले करून अखंड उतरवावेत.

चुन्यात बांधलेल्या भिंती ओल शोषतात आणि ती हवेत सोडतात. त्यांच्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे निघतात. तेथे चुन्याचाच रंग द्यावा. भिंती पांढऱ्या किंवा फिकट ठेवून एखाद्याच भिंतीला मोहरीचा पिवळा, शेवाळी किंवा विटकरी रंग द्यावा. हे रंग या शैलीचेही आहेत आणि आपल्या मातीशी, सागाशी जुळणारेही आहेत. सगळे घर पुस्तकातल्या चित्रासारखे करण्याचा हट्ट मात्र नको. फडताळ, कोनाडा, झोपाळा, देवघर ही त्या घराची मूळ अंगे आहेत आणि परदेशी छायाचित्रात ती नसतात म्हणून काढून टाकण्याचे कारण नाही.

सामान कमी आणि ठेंगणे असले की खिडकीखालची भिंत मोकळी राहते आणि उजेड जमिनीवर पसरतो. गाद्या-तक्क्यांच्या खोळींसाठी औरंगाबादच्या हिमरूपेक्षा योग्य कापड मला सुचत नाही. रेशीम आणि सूत यांच्या त्या विणीतली लहान, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी सागाच्या साध्या चौकटीवर उठून दिसते. एकाच खोलीत दोन तक्के पुरेत.

जुन्या वेताच्या खुर्च्या मोडीत देण्याआधी चौकट हलवून पाहावी. सांधे घट्ट असतील तर वेत नव्याने विणून घेता येतो. आपल्या उन्हाळ्यात वेत कोरडा पडून ठिसूळ होतो आणि बैठक सैल पडते. ती अजून फाटलेली नसेल, तर खुर्ची उलटी करावी, खालच्या बाजूने, जेथे वार्निश नसते, ओले फडके अर्धा तास दाबून ठेवावे आणि मग खुर्ची सावलीत सुकू द्यावी. सुकताना वेत आवळतो आणि बैठक पुन्हा ताणली जाते. उन्हात सुकवली तर वेत चिरतो. आमच्या चार खुर्च्यांपैकी तीन अशा सुधारल्या, चौथी विणायला दिली.